पंख शिवणारे भाऊ

काम पुरं झालं की भाऊ कपडा गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे आणि पाठ फिरवून उभे राहायचे. दोन्ही हात मागे, तोंड समोरच्या कडुनिंबाकडे. "पाहून घ्या. ओढून पाहा. मी पाह्यत नाई," एवढं बोलून गप्प. गिऱ्हाईक नवीन असलं तर त्याला काही सुधरायचं नाही. सदराच शिवायला टाकला होता ना आपण, अशा चेहऱ्यानं ते माझ्याकडे बघायचं. मी गादीवरून खूण करायचो, की ओढा, ओढल्याशिवाय सुटका नाही. मग ते बिचारं खांद्यापाशी, काखेत, कॉलरपाशी शिवण ओढून बघायचं आणि म्हणायचं, "बरं आहे, भाऊ." त्यानंतरच भाऊ वळायचे.

ब्रह्मपुरीच्या बाजाररस्त्यावर आमचं कापडाचं दुकान होतं. कॉलेज अर्धवट सोडून मी वडिलांच्या हाताखाली बसायला लागलो, त्याच्या थोडं आधी भाऊंनी आमच्या ओसरीवर मशीन मांडली होती. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांचे भाऊबंद अजून वैनगंगेच्या काठावर आहेत आणि मी लिहिलेलं त्यांना रुचेलच असं नाही. वडिलांना त्या ओढाओढीचा भारी राग यायचा. "अरे, कोरं कापड थे, ओढून ओढून चिंध्या करतीन लोकं," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. भाऊ मान डोलवायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा तेच सांगायचे.

भाऊ टेलर होतील असं त्यांच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. ते ढिवराच्या घरचे. तळ्यात आणि नदीत मासे धरायचे, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लावायच्या, आणि हात रिकामा असेल तेव्हा जाळी विणायची, हा त्यांचा वडिलोपार्जित उद्योग. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत बल्लारशाला एक ठेकेदार माणसं गोळा करत होता. दक्षिणेत विमानाचा कारखाना आहे, तिथल्या तळ्यात काम करायला पोहणारी माणसं पाहिजेत, असं तो सांगत फिरायचा. विमानाचा आणि तळ्याचा काय संबंध, हे त्याला कुणी विचारलं नाही. भाऊ मद्रासच्या गाडीत बसले आणि गेले. त्या कारखान्याचं नाव त्यांनी मला कधी नीट सांगितलं नाही. ते नुसतं 'कंपनी' म्हणायचे, जगात दुसरी कंपनीच नसल्यासारखं.

"बाबू, पयलं विमान आलं तवा मी कमरेइतक्या पान्यात होतो," ते पाय मशीनवर चालू ठेवून सांगायचे. "आलं अन् सिद्दं तळ्यातच उतरलं. मी जीव घेऊन पयालो. आमचे सारेच पयाले. पान्यात पयता येते का? पडलो तोंडावर."

ती पाण्यावर उतरणारी विमानं होती. समुद्रावर पहारा करून यायची, खाऱ्या पाण्यानं आणि गोळ्यांनी मोडकी होऊन दुरुस्तीसाठी या तळ्यात उतरायची. भाऊंसारख्यांनी गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून त्यांना चाकं बसवायची आणि दोर लावून काठावर ओढायची. काठापलीकडे धावपट्टी, आणि धावपट्टीला लागून लांबच लांब शेड. एका दारानं चाळणी झालेली विमानं आत जायची, दुसऱ्या दारानं धडधाकट होऊन बाहेर यायची. गोरे साहेब होते, अमेरिकन मिस्त्री होते, आणि त्यांच्या हाताखाली आपल्याकडचे सुतार, लोहार, घड्याळवाले, सायकलवाले. जो माणूस हातानं काही नीट करू शकतो तो तिथे खपायचा.

विमान म्हणजे सगळं लोखंड, अशी माझी समजूत होती. भाऊ पंख शिवायचे असं ऐकलं तेव्हा मी त्यांना थापाड्यांत काढलं होतं. पण त्या काळच्या कितीतरी विमानांचे पंख, नाहीतर पंखाचा मागचा भाग आणि शेपटी कापडाची असायची. आत हलक्या बरगड्या, त्यांवर कापड ताणायचं, लांब सुईनं आरपार टाका घालून ते बरगडीला बांधायचं, आणि प्रत्येक टाक्याला त्याची त्याची गाठ मारायची. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून राहिला पाहिजे. एकदा दोर ओढून दमलेले भाऊ शेडच्या दाराशी टेकले आणि आतली गाठ बघून हसायलाच लागले. ती जाळ्याची गाठ होती. किंचित वेगळी फिरवलेली, पण तीच. त्यांनी ती चटाचट मारून दाखवली आणि मुकादमानं त्यांना पाण्यातून काढून शिलाई खात्यात बसवलं.

"कापड कशाचं, मालूम आहे?" ते मला विचारायचे. मी कापडवाला असून मला माहीत नव्हतं. "जवसाच्या झाडाचं. आपन धानाच्या बांधीत जवस पेरतो, तेल काढून खातो, न् झाड फेकून देतो. गोऱ्यानं त्याच झाडाचं कापड केलं न् वर उडाला." मग त्या कापडावर रोगण मारायचं. पिकल्या केळांसारखा वास यायचा आणि सुकलं की कापड डफासारखं वाजायचं. आमच्या दुकानातला सगळ्यात चांगला लठ्ठा ताणून, बोटानं टिचकी मारून ते मान हलवायचे, तेव्हा मला लठ्ठ्याच्या वतीनं वाईट वाटायचं.

पाठ फिरवायची सवय तिथलीच. शिवलेल्या पंखावर तपासनीस शिक्का मारायचा, आणि शिक्क्याशिवाय पंख पुढे जात नसे. भाऊंच्या खात्याचा तपासनीस एक तेलुगू माणूस होता. दुपारी दोघं एका झाडाखाली जेवायचे, हे त्याला सुकवलेली मासोळी द्यायचे, तो यांना गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी. पण कामाच्या वेळी तो भाऊंना म्हणायचा, तिकडे तोंड कर. तुझं तोंड दिसलं की माझा हात ढिला पडतो. भाऊ पाठ फिरवायचे. तो एकेक गाठ ओढून बघायचा आणि 'ठीक है' म्हणाला की हे वळायचे.

लढाई सरली, गोरे गेले, तळं पुन्हा बगळ्यांच्या ताब्यात आलं. धावपट्टीच्या कडेला टाकून दिलेल्या विमानांचे ढीग लागले. त्यांतलेच भाग जुळवून कारखान्यानं पुन्हा उडणारी विमानं उभी केली, दोन मजली पंखांची शिकाऊ विमानं नवी करून दिली. भाऊंना काम होतंच. मग आपल्याच लोकांनी, आपल्याच आराखड्यावर बांधलेलं पहिलं विमान उडालं. सगळा कारखाना धावपट्टीच्या काठाला उभा होता. "मीबी टाळ्या पिटल्या," भाऊ सांगायचे. "बाजूचा म्हणते, तू कायले टाळ्या पिटतं? सारं पत्र्याचं आहे थे. पत्र्याले सुई लागत नाई." इथे ऐकणारे सगळे हसायचे. भाऊ परत का आले, याचं उत्तर गावाला मिळालेलं असायचं.

ते उत्तर अर्धं होतं. उरलेलं अर्धं त्यांनी मला एका पावसाळी दुपारी सांगितलं, दुकानात चिटपाखरू नव्हतं तेव्हा. पत्र्याचं विमान यायच्या आधी एक दोन मजली पंखांचं विमान दुरुस्त होऊन चाचणीला वर गेलं. खालच्या पंखाची शिलाई भाऊंची होती. तपासनीस त्या दिवशी वैमानिकाबरोबर वर बसला होता. ते विमान डोंगराकडे गेलं आणि परत आलं नाही. सापडलं तेव्हा सगळं जळून गेलेलं होतं. साहेबांनी चौकशी केली आणि इंजिन बंद पडलं असावं म्हणाले. शिलाई खात्याला कुणी शब्दानं बोललं नाही.

"कोनी काई म्हटलं नाई, बाबू," भाऊ म्हणाले. "पन पंख जळला. आता गाठ पाह्यची कुठी? ज्यानं ओढून पाह्यली होती थोच वर होता. मी इचारू कोनाले?"

मी काहीतरी बोललो. साहेब शिकलेले असतात, त्यांना कळतं, असलं काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा मशीन सुरू केली. त्या दिवसापासून गिऱ्हाइकानं शिवण ओढली की मीही तिकडे लक्ष देऊन बघायला लागलो.

एरवी त्यांच्या शिलाईनं आमच्या गावात भांडणं व्हायची. आपल्याकडे लेकराचा कपडा थोडा मोठा बेतायचा, आतून दुमडून कच्चा टाका घालायचा आणि पोर वाढलं की उसवून मोकळा करायचा. भाऊंना कच्चा टाका घालताच येत नसे. दुमडलेली कड ते हातानं शिवायचे, टाक्यागणिक तीच जाळ्याची गाठ; त्यांनी दुमडलेलं ते कायमचं दुमडलेलं. धानगिरणीवर कामाला जाणारी एक बाई पोराचा सदरा घेऊन ओसरीवर चढली ती ब्लेड, सुई, दात, सगळे उपाय करून थकलेली होती.

"काऊन भाऊ, हे उसवत काऊन नाई?"

"उसवलं नाई पाह्यजे, बाई."

"अवो, लेकरू वाढून राह्यलं! थे काई विमान नोहे!"

रस्त्यावरची माणसं थांबून हसली. भाऊंनी सदरा उलटा केला, चष्मा लावला आणि संध्याकाळपर्यंत एकेक गाठ कापत बसले. तरी सदरा देताना पाठ फिरवलीच. त्या बाईनं तो ओढून न बघता काखेत मारला आणि लांबूनच "बरं आहे, बरं आहे" म्हणत निघून गेली.

एका वैशाखात वैनगंगेच्या वाळूत विमान उतरलं. उतरलं म्हणजे उतरावं लागलं. नागपूरकडून निघालेलं लहानसं शिकाऊ विमान, दोन मजली पंखांचं. वाटेत इंजिन खोकायला लागलं तेव्हा वैमानिकानं नदीचा कोरडा पाट बघितला आणि सरळ डांगराच्या वाड्यांवर घातलं. वाड्यांना ढिवर लोक काटक्या आणि खुंट लावून कुंपण करतात, जनावर शिरू नये म्हणून. विमान येईल असं धरून कुणी कुंपण केलं नव्हतं. एका खुंटानं खालच्या पंखाचं पोट फाडलं. माणसाला खरचटलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी अर्धा तालुका नदीवर लोटला आणि आमच्या दुकानात माशा मारायलाही कुणी उरलं नाही.

भाऊ मात्र जायला तयार होईनात. "दुकान कोन पाह्यल?" ते म्हणाले.

"मी काय मेलो का?" वडील गादीवरून ओरडले. "सारी जत्रा तिकडं गेली न् विमानवाला माणूस इथी काजं करून राह्यला! घेऊन जा रे याले."

मी शेजाऱ्याची खासर, म्हणजे बैलगाडी, जुंपून भाऊंना नेलं. नदीवर पोलीस पाटील लोकांना काठीनं मागे सारत होता, आणि वैमानिक, तरणाबांड पंजाबी पोरगा, विमानाच्या सावलीत बसून डांगर खात होता. ज्यांची वाडी त्यानं मोडली होती त्याच घरच्या म्हातारीनं ते त्याला कापून दिलं होतं. भाऊंनी चपला काढल्या. पंखाजवळ जाऊन ते थांबले.

"साहेब, हात लगाऊ?"

"लगाओ चाचा, अब क्या बिगड़ेगा."

पंखाला हात जाईल एवढी लांब फाट होती आणि कापड खाली लोंबत होतं. भाऊंनी आत हात घातला. बरगडीवरून बोटं फिरवत गेले, एकेक टाका चिमटीत धरून ओढत गेले. पुन्हा मागे आले, पुन्हा ओढले. ते काय शोधत होते ते त्या गर्दीत मला एकट्यालाच माहीत होतं.

"माहं नाई," ते शेवटी म्हणाले. "दुसऱ्या कोनाच्या हातचं आहे. पन गाठ थेच." मग त्यांनी लोंबणारं कापड मला दाखवलं. "पाहा, बाबू. कापड फाटलं. गाठ नाई सुटली."

वैमानिकानं विचारलं, चाचा, वाऱ्यानं आणखी फाटेल, शिवून देता का? भाऊ म्हणाले, तपासणारा आल्याशिवाय मी सुई लावत नाही. पोरगा हसला, पण भाऊ खरंच तिथे आपल्या भाऊबंदांच्या झोपडीत राहिले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नदीवर गेलो, तोवर नागपूरहून ट्रकमधून मिस्त्री लोक आले होते. पेट्रोलच्या नळीत कचरा होता, तो त्यांनी काढला. कापड, दोरा, रोगण त्यांनी आणलं होतं, पण पंख शिवणारा माणूस रजेवर होता. मोठ्या मिस्त्रीनं भाऊंना चार प्रश्न विचारले आणि सुई हातात दिली.

पहिला टाका चुकला, तो त्यांनी कापून टाकला. त्यानंतर ते जसे शिवत गेले, तसं शिवताना मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं आणि पुढेही बघितलं नाही. काठावरचे ढिवर उकिडवे बसून बघत होते, आणि गाठ पडली की आपसांत मान हलवत होते. ती त्यांच्याही रोजच्या हातातली होती. शिवण पुरी झाल्यावर भाऊंनी सुई मिस्त्रीला परत केली, हात मागे बांधले आणि नदीकडे तोंड करून उभे राहिले.

"इसको क्या हुआ?" मिस्त्रीनं मला विचारलं.

"साहेब, ओढून बघा," मी म्हणालो. "जोर लावून बघा."

मिस्त्रीनं सगळ्या गाठी ओढल्या. घाई केली नाही, हे त्याचे उपकार. "ठीक है," तो म्हणाला. भाऊ वळले नाहीत. "एक बार और, साहेब," ते नदीकडे बघतच म्हणाले. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग वरून पट्ट्या चिकटल्या, रोगण लागलं, आणि डांगराच्या वाडीत पिकल्या केळांचा वास सुटला.

रोगण सुकल्यावर दुसऱ्या सकाळी विमान उडालं तेव्हा सगळी नदी ओरडत होती. भाऊ पाठमोरे. "गेलं का?" त्यांनी मला विचारलं. गेलं म्हणालो. "दिसते का?" दिसतं म्हणालो. मग दिसेनासं झालं, तेही सांगितलं. डोंगराकडे गेलेलं ते विमानही उडताना चांगलंच उडालं होतं. वैमानिकानं दुकानाचा पत्ता घेतला होता आणि पोचल्यावर तार करतो म्हणाला होता, पण हसऱ्या पोरांच्या बोलण्यावर किती विसंबायचं?

आम्ही दुकानात परतलो आणि त्याच दिवशी दुपार टळल्यावर तारवाल्याची सायकल दुकानापुढे थांबली. तेव्हा तार म्हणजे कुणीतरी गेलं, एवढाच अर्थ असायचा. वडील "कोन गेलं रे बाप्पा" म्हणत मटकन खाली बसले. भाऊंची मशीन थांबली. ते उठले, ओसरीच्या कडेला गेले आणि कडुनिंबाकडे तोंड करून उभे राहिले. मी पाकीट फोडलं. तार इंग्रजीत होती.

"सुखरूप पोचलो, असं लिहिलं आहे," मी म्हणालो.

"पुन्हा वाचा, बाबू."

मी पुन्हा वाचली. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मग वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे तवा इंजिनच असन."

आता हिशेबानं बघितलं तर ही तार त्या जळालेल्या पंखाबद्दल काहीच सांगत नव्हती. हे मला कळत होतं आणि त्यांना कळत नसेल असं मी समजत नाही. पण मी म्हणालो, "हो भाऊ, इंजिनच." वडील जमिनीवरून उठत म्हणाले, "कोनाचं इंजिन? मले कोनी सांगान का?" त्यांना कुणीच काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी एका गिऱ्हाइकाला कुडतं दिलं आणि पाठ फिरवली नाही. अगदी समोर नाही, पण बाजूला तोंड करून उभे राहिले, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघता येईल असे. पुढे ते असेच उभे राहत. दोनेक पावसाळ्यांनंतर दम्यानं त्यांना मशीन सोडावी लागली आणि ते नदीवर, आपल्या लोकांत राहायला गेले. तिथेच वारले. निरोप आला तेव्हा त्यांना नेऊन दोन दिवस झाले होते.

त्यांनी माझ्यासाठी शिवलेला एक लठ्ठ्याचा सदरा मी बरीच वर्षं वापरला. कोपर गेलं, कॉलर गेली, पाठ इतकी विरली की आतला बनियन दिसायचा. शेवटी बायकोनं तो कंदिलाच्या काचा पुसायला फाडायला काढला. तिच्यानं फाटेना, म्हणून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमीच ओढा जरा."

मी जोर लावून ओढला. कापड दोन्ही बाजूंनी टरटर फाटत गेलं आणि मधे खांद्याची शिवण तेवढी अख्खी हातात राहिली. मी ती पुन्हा एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ओढून पाहिली. बायको बघत होती. ओसरीवर जिथे भाऊंची मशीन असायची तिकडे तोंड करून मी म्हणालो, "बरं आहे, भाऊ."